सोमवारची गाय आणि मिठाची डबी

आमच्या मॅडमना मीठ कमी पडायचं. कशातही. कॅन्टीनच्या उपम्यात, घरच्या डब्यात, पेरूवर, काकडीवर. एकदा तर मी त्यांना श्रीखंडावर मीठ टाकताना पाहिलंय, आणि ते खाऊन "आता जमलं" म्हणतानाही ऐकलंय. ॲप्रनच्या खिशात कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची काळी डबी असायची, करड्या झाकणाची. पहिला घास तोंडात जायच्या आधी डबी बाहेर. कॅन्टीनचा अण्णा वैतागायचा. "मॅडम, आधी खाऊन तर बघा, मीठ बरोबर आहे." मॅडम डबी हलवत म्हणायच्या, "तुझं बरोबर आहे रे. माझं कमी आहे."

ही डबी सोडली तर बाईंकडे प्रत्येक वस्तू दोन-दोन. गळ्यात दोन चष्मे, पर्समध्ये दोन पेनं, पावसाळ्यात दोन छत्र्या. जुन्या गाडीत दोन स्टेपन्या, त्यामुळे डिकीत दुसरं काही मावायचंच नाही. लिफ्टमध्ये त्या कधी चढल्या नाहीत. "लिफ्टचा भरवसा कशाचा?" हा त्यांचा आवडता प्रश्न. हवामान खात्याचा भरवसा कशाचा, नळाच्या पाण्याचा भरवसा कशाचा, मोबाइलच्या रेंजचा भरवसा कशाचा. लग्न केलं नव्हतं. कोणी भोचक बाईने विचारलंच, तर म्हणायच्या, "नवऱ्याचा भरवसा कशाचा? आणि दोन करता येत नाहीत."

नाशिकमधल्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात आमचा विभाग. न्यूक्लिअर मेडिसिन. मॅडम तिथल्या प्रमुख डॉक्टर आणि मी टेक्निशियन. म्हणजे मशीन चालवायचं, औषध मोजून भरायचं आणि मॅडमच्या शिव्या खायच्या. तिसऱ्या कामाला सुट्टी नसायची. दारावर ते तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह, त्यामुळे पेशंटचे नातेवाईक आत यायला बिचकायचे. ओझरला आमच्या मावशीला अजून वाटतं की मी बॉम्बच्या खात्यात आहे. माझे वडील तिथल्या विमानाच्या कारखान्यात होते, ते सगळ्यांना समजायचं. माझं काम काय ते आजवर घरात कोणाला धड सांगता आलेलं नाही.

तुम्हाला मात्र थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं औषध अणुभट्टीत तयार होतं, आणि भट्टीतून बाहेर पडलं की त्याच क्षणापासून संपायला लागतं. तुम्ही वापरा, नाहीतर वापरू नका. तापाच्या गोळ्यांसारखं कपाटात भरून ठेवता येत नाही. एक औषध शिशाच्या जड भांड्यात येतं. त्या भांड्यातून रोज सकाळी हवं तेवढं काढायचं आणि हाडांचे, हृदयाचे, किडनीचे फोटो घ्यायचे. या धंद्यातले लोक जगभर त्या भांड्याला गाय म्हणतात. सोमवारी नवी गाय येणार, आठवडाभर दूध देणार, शनिवारपर्यंत आटणार. आटलेल्या गायी आम्ही आतल्या खोलीत ठेवायचो. मॅडम त्यांना भाकड म्हणायच्या आणि त्या खोलीला पांजरपोळ. नवीन आलेल्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी "पांजरपोळात दोन भाकड ठेवून ये" असं सांगितलं की पोरगं कावरंबावरं व्हायचं.

दुसरं औषध म्हणजे आयोडीन. थायरॉइडच्या कॅन्सरचं. ऑपरेशन करून गळ्यातली ग्रंथी काढली तरी तिचे कण कुठे कुठे लपलेले असतात. त्या कणांना आयोडीनची हाव असते. आपण भट्टीतलं आयोडीन पाजायचं, ते कण ते गिळतात आणि जळतात. पण त्यासाठी आधी माणसाला उपाशी ठेवावं लागतं, आयोडीनपुरतं. थायरॉइडची रोजची गोळी काही आठवडे बंद. दूध बंद, अंडी-मासे बंद, मीठ बंद. बिनआयोडीनचं मीठ मिळतं म्हणतात, पण मॅडम म्हणायच्या, "पिशवीवर छापलंय त्याचा भरवसा कशाचा?" मग मीठच बंद. अधूनमधून रक्त तपासायचं, एवढंच. गोळी बंद झाली की माणूस सुजतो, थंडीने कुडकुडतो, आवाज घोगरा होतो, बोलता बोलता पेंगतो. तेवढ्यासाठी बरोबर त्या दिवशी औषध हजर पाहिजे. नाही आलं, तर एवढे हाल फुकट.

म्हणून मॅडमचा सगळा जीव औषधाच्या गाडीत. गाडी मुंबईहून यायची. सोमवारी सकाळी बाई इस्पितळाच्या फाटकात वॉचमनचं स्टूल घेऊन बसलेल्या असायच्या. ड्रायव्हर बबन. कसारा घाट चढेपर्यंत त्याला किती फोन जात असतील ते त्यालाच माहीत.

"कुठं पोचलास?"

"घोटी, मॅडम."

"घोटी? मग त्या वडेवाल्याला फोन दे."

"कोणता वडेवाला?"

"म्हणजे तू घोटीला नाहीस. खरं सांग."

मग बबन खरं सांगायचा की अजून घाटातच अडकलोय. गाडी आली की मॅडम त्याला आधी चहा द्यायच्या आणि पेरू कापून, मीठ लावून द्यायच्या. बबनला मीठ लावलेला पेरू आवडायचा नाही. पण खायचा बिचारा.

विभागाच्या भिंतीवर घड्याळंही दोन. एक आपलं आणि एक परदेशातल्या भट्टीच्या वेळेचं. आपल्याकडची भट्टी दुरुस्तीला थांबली तर बाहेरून माल आणता यावा म्हणून मॅडमनी दोन पुरवठादार बांधले होते. एक इथला, एक बाहेरचा. दोघांकडे थोडं थोडं मागवायचं. हिशेबवाले साहेब दर वर्षी तळघरात उतरून विचारायचे, "एकाकडून भागत असताना दोघांकडून कशाला? उरलेलं वायाच जातं ना?" मॅडम म्हणायच्या, "साहेब, तुमच्या घरी नळ आहे ना? मग गच्चीवर टाकी कशाला बांधलीत?" साहेब काहीतरी पुटपुटत वर जायचे. लिफ्टने.

आणि एक नियम पक्का. पेशंटला तारीख द्यायची नाही. "तारीख कोर्टात मिळते, इथे फोन मिळतो," असं त्या तोंडावर सांगायच्या. आधी माल भट्टीत शिजायला चढल्याचं कळू दे, मग आम्ही कळवू, मग गोळी बंद करा, म्हणजे तो निघेपर्यंत तुम्हीही तयार. यात आठवडे जायचे. लोक चिडायचे. पण गोळी बंद करून बसलाय आणि औषध नाही, असं आमच्याकडे कोणाचं होत नव्हतं. हा नियम मॅडमनी एकदाच मोडला.

निफाडची सुनंदा. पस्तिशीची असेल. नवऱ्याची द्राक्षबाग, आणि बागेतल्या बायकांचं सगळं काम हिच्या हाताखाली. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, गाठी मानेत उतरल्या होत्या. आयोडीन द्यायलाच हवं होतं आणि ही बया दोनदा हुलकावणी देऊन गेलेली. एकदा द्राक्षांच्या खुड्याचं निमित्त, एकदा दिराच्या लग्नाचं. खरं कारण भीती, ते आम्हालाही कळत होतं. तिसऱ्यांदा नवऱ्याने जवळजवळ ओढूनच आणली. मॅडमनी नेहमीचं सांगायला सुरुवात केली की आम्ही फोन करू, मग गोळी बंद करा. सुनंदाने पदर खोचला.

"तसं नाय जमायचं. छाटणी झालीय. घडांची विरळणी लागंपर्यंत मी मोकळी. एकदा विरळणी लागली की मला मरायला पन टाइम नाय. तारीख सांगा."

"तारीख आम्ही देत नाही."

"का ओ? छाटणीला तारीख असती, फवारनीला असती. माझ्या गळ्यालाच तेवढी नाय का? तारीख द्या, आत्ता गोळी बंद करते. नायतर ऱ्हाऊद्या."

मी मनात म्हटलं, झालं, आता हिला मॅडम जिना दाखवणार. पण मॅडमनी मान वर केली. भिंतीवरच्या दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. दोन्ही पुरवठादारांनी माल नक्की म्हणून कळवलं होतं. एक नाही आलं तर दुसरं येईल. त्यांनी सुनंदाला दिवाळीच्या आधीचा सोमवार दिला. सुनंदा गेल्यावर मला म्हणाल्या, "बघत काय बसलास? ही पुन्हा गेली असती तर आली नसती."

त्या सोमवारी सुनंदा सकाळीच आली, पिशवी घेऊन. आमच्या बाकावर बसली तेव्हा मी ओळखलंच नाही. चेहरा सुजलेला, ऑक्टोबरच्या उन्हात अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ. एकेक शब्द उचलून बोलत होती. नवरा शेजारी उभा. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. बाहेरचा पुरवठादार. बाहेरची भट्टी अचानक बंद पडली, माल निघालेला नाही. मी म्हटलं ठीक, दुसरा आहे. दुसऱ्याचाही फोन आला. तेच.

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुमचा माल इथला ना?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मॅडमचा आवाज खाली गेला. "मग भट्टी कोणती?" एवढं विचारून त्या ऐकत राहिल्या. आपल्याकडची भट्टी ठरल्याप्रमाणे दुरुस्तीला थांबली होती, त्यामुळे इथला पुरवठादारही त्या महिन्यात बाहेरूनच आणत होता. त्याच भट्टीतून. दोन गवळी बांधले, आणि गोठा एकच निघाला. इतकी वर्षं मॅडमनी दोघांना किंमत विचारली, वेळ विचारली, गाडीचा नंबर विचारला. तुमची भट्टी कोणती, हे विचारायचं राहून गेलं. ज्या बाई नळाला टाकी लावत होत्या, त्यांनी टाकी कुठून भरते ते पाहिलं नव्हतं.

मला वाटलं आता त्या केबिनमध्ये जाऊन बसतील आणि बाहेर मला पाठवतील. इतर कोणीही तेच केलं असतं. बाई सरळ बाकापाशी गेल्या.

"सुनंदा, औषध आलेलं नाही."

नवऱ्याचा स्फोट झाला. "आवो, गोळी तुमी बंद केली, मीठ तुमी बंद केलं! बाईमानूस चालता चालता झोपतंय! काल चुलीपाशी पडली असती. आन आता म्हंता माल नाय? तारीख तुमीच दिली ना?"

"मी दिली. चूक माझी आहे."

बस. भट्टी, परदेश, दुरुस्ती, काही नाही. मी तोंड उघडणार होतो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं.

"म्होरल्या सोमवारी येईल का?" नवऱ्याने विचारलं. आवाज जरा उतरला होता. कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी किती?

"सांगता येत नाही. प्रयत्न करते. आता तारीख देणार नाही."

सुनंदा हळूहळू म्हणाली, "मग मी आजपासनं गोळी घ्येते. घरी जाते. पुन्हा नाय यायची मी, मॅडम. खरं सांगते. पुन्हा हे नाय व्हायचं माझ्याच्यानं."

ती खरंच आली नसती. मानेतल्या गाठी काही तिच्या विरळणीसाठी थांबणार नव्हत्या. मॅडम बाकावर तिच्या शेजारी बसल्या. ॲप्रनच्या खिशातून ती काळी डबी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"ह्यात काय हाय?"

"मीठ."

"मला तर बंद हाय ना?"

"म्हणून तर तुझ्याकडे देते. तुझ्यासारखी गोळी मी बंद करू शकत नाही, मला गोळीच नाही. मीठ बंद करू शकते. तू ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मी खाईन. आज घरी जा, पण गोळी घेऊ नकोस. मी रोज येते, तपासते. तुला जड जायला लागलं तर गोळी मीच सुरू करेन, लपवणार नाही."

सुनंदा डबी उलटीसुलटी करून पाहत राहिली. "ही कुठली डॉक्टरकी म्हनायची, बाई?" असं म्हणाली, आणि डबी पदराच्या टोकाला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमची जुनी गाडी संध्याकाळी निफाडच्या रस्त्याला. सुनंदाचा रक्तदाब, नाडी बघायची, आणि मग तिच्याच ताटाला ताट लावून अळणी जेवायचं. दुपारी कॅन्टीनमध्येही अळणी. अण्णाला आधी वाटलं बाईंना बीपी झालं. मग त्याला कळलं तेव्हा तो मॅडमसाठी वेगळी भाजी काढायला लागला, आणि वाढताना नजर चुकवायला लागला. मिठाशिवाय बाई चिडचिड्या होतील असं आम्हाला वाटलं होतं. उलट शिव्या कमी झाल्या. दिवसभर फोन. जगात जिथे जिथे भट्टी आहे तिथे तिथे कोण माल विकतं, हे शोधून त्यांना उठवायचं. आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच, तुमची भट्टी कोणती?

वसुबारसेला मला त्यांच्याबरोबर निफाडला जावं लागलं. गाडीतल्या दोन्ही स्टेपन्यांमध्ये हवा नाही, असं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं; वाटेत चाक बसलं तर धावपळीला कोणीतरी हवं होतं. देवाधर्माचं बाईंना फारसं काही नसायचं, पण वसुबारस पाळायच्या. दर वर्षी आमच्या औषधाच्या खोलीच्या दाराला हळदीकुंकू लावायच्या आणि सगळ्या विभागाला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी द्यायच्या. "वर्षभर गायीच्या जिवावर खातो आपण," म्हणायच्या. निफाडला खरी गाय होती. सासूबाईंनी तिला आणि वासराला ओवाळलं, मॅडमनीही हात जोडले. मग जेवायला बसलो.

सुनंदा भिंतीला टेकून बसलेली, अंगावर शाल. एक घास खायचा आणि डोळे मिटायचे. तिच्यापुढे आणि मॅडमपुढे अळणी गवार. अळणी गवार तुम्ही खाऊन पाहिलीय? नका पाहू. माझ्यापुढे मात्र चांगली मीठ-मसाल्याची होती आणि मी ती निर्लज्जासारखी दोनदा मागून घेतली. मला कोणी विचारलं नव्हतं. सासूबाईंना मॅडमची दया आली. हळूच चिमूटभर मीठ त्यांच्या ताटात सरकवलं.

"घ्या वो बाई. तुमाला काय झालंय? तिचा आजार तिला."

मॅडम काही बोलायच्या आत भिंतीकडून घोगरा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"आई, त्यांच्या ताटातलं मीठ काढा. त्यांचं मीठ माझ्याकडं हाय."

मॅडमनी ताट पुढे केलं. सासूबाईंनी ते मीठ पुसून काढलं. परत येताना गाडीत मॅडम एकदम म्हणाल्या, "आता ही पळून जात नाही." इतक्या दिवसांत मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

औषध शेवटी आलं, दिवाळी उलटल्यावर. तिसऱ्याच पुरवठादाराकडून, तिसऱ्याच भट्टीतून, एका पेशंटपुरतं. त्या दिवशी मॅडमनी बबनला एकही फोन केला नाही. हिंमतच होत नव्हती म्हणाल्या. फाटकात स्टुलावर बसून राहिल्या. मग बबनचाच आला. "मॅडम, घोटी पास. वडेवाला शेजारीच उभाय, देऊ का फोन?" बाई स्टुलावरून उठल्या आणि वॉचमनलाच मिठी मारायच्या बेतात होत्या. वॉचमन घाबरून मागे सरकला.

सुनंदाने औषध घेतलं. आत जायच्या आधी डबी नवऱ्याकडे दिली, "हरवू नका" असं दहादा बजावून. मग अंगातले किरण उतरेपर्यंत शिशाच्या भिंतीच्या खोलीत एकटी राहिली, आणि तिथून घरी गेली. त्यानंतर एका दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलेलो असताना मॅडमचा फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला. त्यांना एका कानाचाही भरवसा नव्हता.

"मॅडम, खाल्लं ओ मीठ. पिठलं केलतं. लय ग्वाड लागलं."

मॅडमनी फोन ठेवला. "अण्णा, मीठ आण. बशीत आण." अण्णाने बशी भरूनच आणली. बाईंनी चिमूट घेतली, नुसतीच जिभेवर ठेवली आणि रडायला लागल्या. ढसाढसा. सगळं कॅन्टीन बघत होतं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला काय करावं ते सुचेना. मी आपला पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणाल्या, "दोन आण."

त्यानंतर भिंतीवर तिसरं घड्याळ आलं. हिशेबवाले साहेब काही बोलायला खाली उतरले नाहीत. मॅडम ज्याला त्याला भट्टी विचारायला लागल्या. अण्णालासुद्धा सोडलं नाही. "दूध दोघांकडून घेतोस ना? गोठा एकच नाही ना त्यांचा? बघून ये." आणि अण्णा खरंच बघून आला.

सुनंदाचा पुढच्या वर्षीचा स्कॅन स्वच्छ निघाला. ती डबी परत द्यायला आली होती. मॅडम म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. मी नवी घेतली." खिशातून काढून दाखवल्या. दोन होत्या.

मॅडम निवृत्त झाल्या आणि मग दोन वर्षांपूर्वी गेल्या. झोपेत. शेजारच्या दोन घरांत किल्ल्या दिलेल्या होत्या, त्यामुळे दार तोडावं लागलं नाही. मला त्यांची आठवण रोज येते असं म्हटलं तर खोटं होईल. सोमवारी येते. गाडी घाटात असली की हात आपोआप फोनकडे जातो. बबनच्या जागी आता दुसरा ड्रायव्हर आहे. त्याला मी वडेवाल्याला फोन द्यायला सांगितलं तेव्हा त्याने मला वेड्यात काढलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा तसंच झालं. तीन घड्याळं असूनही. एका भट्टीची दुरुस्ती लांबली, दुसरीचा माल विमानतळावर अडकला, तिसरीकडे आमचा नंबर लागेना. आणि आमच्याकडे मालेगावचे इस्माईलभाई गोळी बंद करून बसलेले. यंत्रमागावरचे कारागीर, साठीचे. माल भट्टीत चढल्याचा फोन आल्यावरच आम्ही त्यांना कळवलं होतं, नियमाप्रमाणे. तयार होऊन निघालेला माल वाटेतच संपला, त्याला कोण काय करणार? स्वेटरवर शाल घेऊन बाकावर बसले होते.

"दवा नहीं आया, साहब?"

"नाही आलं, चाचा."

"तो मैं जाता. अपने से नहीं होता ये. दो दिन से मशीन का आवाज भी दूर से आता मेरे को. मरना है तो घर पे मरेंगा."

मला मॅडमसारखं बोलता येत नाही. चूक कोणाची, हेही मला सांगता आलं नसतं. मी त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं, बिनदुधाचा, आणि बाहेर जाऊन निफाडला फोन लावला. का लावला, ते मलाही नीट माहीत नाही. सगळं सांगितलं. सुनंदा एवढंच म्हणाली, "त्यास्नी जाऊ देऊ नका. मी यष्टीत बसते."

विरळणी चालू होती. मजूर बायका बागेत होत्या. ती तशीच आली, हाताला द्राक्षाच्या पानांचा हिरवट डाग घेऊन. बाकावर चाचांच्या शेजारी बसली, बरोबर त्याच जागी.

"चाचा, मी हितंच बसले होते. असंच तोंड सुजलं होतं. मला बी घरी जायचं होतं."

"फिर?"

"मग हे दिलं मला." तिने पदराची गाठ सोडली. काळी डबी. झाकण पिवळं पडलं होतं. "ह्यात मीठ हाय. आता तुमच्याकडं ठेवा. तुमी खाल त्या दिवशी मी खाईन. तवर माझं बी बंद."

चाचांनी झाकण उघडलं. आत मिठाचा खडा झाला होता. इतक्या वर्षांत तिने त्यातलं कणभरही वापरलं नव्हतं. "ये नमक किसका है?"

"मॅडमचं."

"वो कहाँ हैं?"

"गेल्या त्या," सुनंदा म्हणाली. "मीठ हाय."

चाचांनी त्या खड्यावरून बोट फिरवलं. मग झाकण लावलं, डबी कुडत्याच्या खिशात घातली आणि मला म्हणाले, "साहब, रुकता मैं."

मला बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगून जमाना झाला, बायको रोज ओरडते, मी ऐकत नाही. पण त्या दुपारी अण्णाने माझ्यापुढे भाजी ठेवली आणि न विचारताच म्हणाला, "अळणी काढलीय." मी खाल्ली. गवारच होती. चाचांचं औषध येईपर्यंत रोज खाल्ली, आणि बाई हे कसं करत होत्या असं रोज मनात आलं.

औषध आलं. चाचा खोलीत राहून मालेगावला गेले. मग एका सोमवारी, मी फाटकात स्टुलावर बसून गाईची वाट पाहत असताना, फोन वाजला. मागे यंत्रमागांचा खडखडाट, त्यातून चाचा ओरडत होते.

"साहब! खाया नमक! दीदी को बोलो!"

मी निफाडला फोन लावला.